सांदवाडीचे सवाल-जवाब : मृगाच्या तोंडावर

सांदवाडीबद्दल, म्हणजे घरच्या परसबागेबद्दल, यंदा आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने झाला आहे : ‘यावर कोणते औषध मारावे?’ औषध लागते तिथे सांगितलेच आहे. पण आपल्या काळ्या मातीत भाजी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्याने किंवा चुकलेल्या हंगामाने. म्हणून काही उत्तरांत औषधाचे नावच सापडणार नाही, त्याचा राग मानू नये.

प्रश्न : दरवर्षी मृग लागला की वांगी आणि मिरचीचे बी टाकतो. उगवण छान होते. पण आठ-दहा दिवसांत रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. बी खराब आहे का? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : बी चांगले आहे, म्हणून तर उगवले. पडलेले रोप उपटून पाहा. मातीला टेकलेला भाग पाणी भरल्यासारखा, दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसेल. वरची पाने मात्र हिरवीच. ही रोपांची मर, म्हणजे मातीतल्या बुरशीचे काम. या बुरशीला साचलेले पाणी आणि दाटी लागते. सपाट वाफ्यात मूठभर बी फेकले की आपण दोन्ही पुरवतो.

घरच्या २५-३० झाडांसाठी १ मीटर लांब, १ मीटर रुंद गादीवाफा पुरतो. तो जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर उंच हवा, आणि भोवती पाणी निघून जायला चर हवाच. वरच्या थरात दोन घमेली चाळलेले कुजके शेणखत आणि एक घमेले रेती मिसळा. रेती नसली तर काळ्या मातीवर पपडी धरते आणि कोंब खालीच वाकतो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिळाली तर १५-२० ग्रॅम किलोभर ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत पोत्याखाली ठेवा, मग वाफ्यात घाला. कोरड्या मातीवर नुसती भुरभुरली तर ती वाया जाते.

बी फेकू नका. ८-१० सेंटिमीटरवर बोटाने रेघा ओढा, १ सेंटिमीटर खोल आणि विरळ पेरा, चाळलेल्या खताने झाका, वर वाळके गवत टाका. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गवत काढायचे. एक दिवस उशीर झाला तर रोपे उजेडासाठी लांबतात, आणि लांबलेले रोप सगळ्यात आधी पडते. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. झड लागली तर वाफ्यावर चार काड्या रोवून प्लास्टिक ताणा, बाजू मात्र मोकळ्या ठेवा.

रोपे पडू लागलीच तर पडलेली रोपे भोवतालच्या चिमूटभर मातीसकट काढा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून झारीने मुळाशी द्या. ट्रायकोडर्मा घातलेल्या वाफ्यात हे देऊ नका. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, तीही मरते.

रोपे साडेचार-पाच आठवड्यांची, १२-१५ सेंटिमीटर उंच झाली की लावा. लावणीआधी चार दिवस पाणी तोडा. वांग्याला भारी जमिनीत दोन्हीकडून ९० सेंटिमीटर अंतर द्या. सुरुवातीला जागा ओसाड दिसते, पण पोळ्यापर्यंत भरून जाते.

पुढच्या वर्षासाठी : एप्रिलअखेर वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणा, कडा मातीने दाबा आणि ४ ते ६ आठवडे तसेच ठेवा. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. प्लास्टिक काळे घेऊ नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

प्रश्न : कोहळ्याचा (लाल भोपळ्याचा) वेल मांडवभर पसरला, रोज फुले येतात, पण फळ धरत नाही. बारीक गोळी पिवळी पडून गळते. (साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : आधी फुले ओळखा. लांब, बारीक दांड्यावर सरळ उभे असते ते नर. आखूड दांड्यावर, पाकळ्यांखाली लिंबाएवढी गोळी असते ते मादी. पहिले आठ-पंधरा दिवस वेलावर नुसती नर फुले येतात. ती गळणारच, त्यात रोग काही नाही. पुढेही नरच जास्त असतात. (ती वाया घालवू नयेत, त्यांची भजी होतात.)

मादी फूल येऊनही गोळी पिवळी पडते, तेव्हा कारणे दोन. गळलेली गोळी सुरीने उभी चिरा. आत पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. आत स्वच्छ असेल तर परागीभवन झालेले नाही.

परागीभवन हाताने करता येते, पण वेळ पाळावी लागते. कोहळ्याचे फूल पहाटे उघडते आणि ऊन तापले की मिटते. सकाळी सात-साडेसातच्या आत काम उरकावे, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. त्याच दिवशी उमललेले नर फूल दांड्यासकट तोडा, पाकळ्या मागे फाडून टाका. मधला पिवळा दांडा बोटाला लावून पाहा. पिवळी भुकटी लागली तर तो कामाचा. तो मादी फुलाच्या आतल्या चिकट गाठींवर हलक्या हाताने चहूबाजूंनी फिरवा. एकाच बाजूला लावला तर फळ वाकडे वाढते. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरते. चार-पाच दिवसांत गोळी फुगू लागली आणि खाली झुकली तर फळ धरले.

दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. ‘सकाळी गेलो तर फूल कोमेजलेले’ अशी तक्रार याच दोघांबद्दल येते. काकडी आणि कारले सकाळचे.

मधमाशी का येत नाही, हेही पाहा. शेजारच्या कपाशीवर सकाळी फवारणी होत असेल तर माश्या तिथेच मरतात. शेजाऱ्याला संध्याकाळी फवारायला सांगून बघा, फुकटचा उपाय आहे. आणि वेलाची पाने सुपाएवढी, गर्द हिरवी झाली असतील तर खत जास्त झाले आहे. युरिया बंद करा.

फळमाशी निघाली तर क्यूल्यूर गोळीचा (वासाने माशी ओढणारा) सापळा लावा, परसबागेला एक-दोन पुरतात. आंब्यासाठी मिळते ती मिथाइल युजेनॉलची गोळी वेगळी, वेलावरच्या माशीला ती चालत नाही. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून किडकी फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरणे सुटत नाही. उकिरड्यावर टाकली तर माशी तिथूनच परत येते.

प्रश्न : आमचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यावर पालक तेवढा येतो. वाल, गाजर, कांदा यांची पाने कडेने जळतात. माती वरून पांढरी होते. काय करावे? (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याचे दुखणे पाण्यात आहे आणि मातीतही. म्हणून एका गोळीने ते बरे होत नाही.

पाणी कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून क्षारता बघा. डेसीसायमन प्रति मीटर या मापात ०.७ च्या खाली असेल तर चिंता नाही, ०.७ ते ३ असेल तर पीक निवडून, जपून. ३ च्या वर गेले तर ते पाणी भाजीला एकटे देऊ नये.

पीक निवडणे तुमच्या हातात आहे, आणि निम्मी निवड तुमच्या पानांनीच करून दिली. बीट, पालक, गवार ही खारे पाणी बऱ्यापैकी सोसतात. वांगी, टमाटर मध्यम. वाल, घेवडा, गाजर, कांदा सोसत नाहीत. ती पिके पावसाच्या पाण्यावरच घ्या.

ते पाणी छपरावर पडते. ५०० चौरस फूट टिनाच्या छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४६ लिटर पाणी होते. ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा सांडला-उडाला असे मानले तरी वर्षाला २५ हजार लिटरच्या वर. सगळे साठवायला टाकी कोण बांधतो? पण २ हजार लिटरची साधी टाकी पन्हाळीखाली ठेवली तरी मोठे काम होते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धुळीचे असते, ते सोडून द्या. हे गोडे पाणी रोज वापरू नका. बी उगवताना आणि रोप चार पानांचे होईपर्यंत झाड खाऱ्याला सगळ्यात हळवे असते, तेव्हा फक्त गोडे द्या. नंतर निम्मे-निम्मे.

लावण्याची जागाही बदला. सरीतून पाणी दिले की ओल वरंब्यात चढते, वाळते आणि मीठ वरंब्याच्या माथ्यावर साचते. तुम्हाला दिसते ती पांढरी रेघ तीच. रोप माथ्यावर लावले तर ते मिठातच बसते. वरंब्याच्या उतारावर, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर लावा. पाणी झारीने पानांवर टाकू नका. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटे जाड अंथरा. वाफ कमी उडाली की मीठही कमी वर येते.

पाणी दिल्यावर ते तासन्तास वर उभे राहत असेल आणि सुकल्यावर माती दगडासारखी होत असेल, तर मातीत सोडियम बसला आहे. तिथे जिप्सम लागते. प्रमाण माती तपासणीवरून ठरते. वाफ्यापुरते सुरुवातीला चौरस मीटरला पाव किलो, मृगाआधी वरच्या १०-१५ सेंटिमीटर मातीत मिसळून, असे धरायला हरकत नाही. जिप्सम सोडियमला नुसते सोडवते. वाहून नेतो तो पाऊस. म्हणून चर नसलेल्या वाफ्यात जिप्सम घालून उपयोग नाही.

प्रश्न : टमाटराच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. चुना टाकायला सांगतात. (मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला)

उत्तर : टाकू नका. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून हा डाग पडतो हे खरे. पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते. अंड्याची टरफलेही त्यासाठी नकोत. कॅल्शियम पाण्याबरोबर चढते, आणि तुमचे पाणी एक दिवस भरपूर आणि मग पाच दिवस नाही असे असणार.

काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि आत ओली असते, किंवा वरून ओली आणि आत कोरडी. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. खुरप्याने बोटभर खोल, साधारण १० सेंटिमीटरवरची माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा होऊन अंगठ्याने दाबल्यावर पट्टी निघत असेल तर आज पाणी नको. गोळा होऊन लगेच फुटत असेल तर पाणी द्या. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. मुळाशी कुटार अंथरा, डाग पडलेली फळे तोडून टाका, फुलोऱ्यात युरिया देऊ नका. फळे तडकतात तेही याच कारणाने.

प्रश्न : मिरचीवर बोकड्या आला. तीन औषधे मारली, फरक नाही. (भिवापूर तालुका, जि. नागपूर)

उत्तर : बोकड्या हे एका रोगाचे नाव नाही. पान वाकडे झाले की आपण बोकड्या म्हणतो, पण वाकडे करणारे तिघे आहेत.

पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर आपटा. बारीक, पिवळसर, लांबट किडे धावताना दिसतात. कोरड्या, उष्ण दिवसांत हे वाढतात. कडा खाली वळल्या, होडी उलटी झाली, पान अरुंद आणि देठ लांब झाला, तर कोळी. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आणि पाने बारीक होऊन गुच्छ झाला, झाड खुजे राहिले, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क. कोळ्यावर कीटकनाशक चालत नाही, तुमचा पैसा बहुधा इथेच गेला. त्याला पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूने. तापमान ३५ अंशांवर असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पाने भाजतात. विषाणू आलेल्या झाडाला औषध नाही. उपटा, पुरा, आणि बाकीच्यांसाठी पिवळे सापळे लावा. चार-पाच झाडांचा मोह केला तर अख्खा वाफा जातो.

प्रश्न : निंबोळी अर्क घरी कसा करायचा? पाला उकळून केला, काही झाले नाही. (केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : पाल्यात जोर कमी असतो, आणि उकळल्यावर होता तोही जातो. निंबोळ्या लवकरच पडू लागतील, तेव्हा आत्ताच वाचून ठेवा. पिकून पिवळ्या झालेल्या वेचा, पाण्यात चोळून गर काढा, सावलीत चार-पाच दिवस वाळवा. हलवल्यावर आत खुळखुळ वाजली की वाळल्या. गोणपाटात भरा, प्लास्टिकच्या थैलीत बुरशी धरते, आणि काळी पडलेली निंबोळी निकामी.

१० लिटर फवाऱ्यासाठी अर्धा किलो निंबोळी जाडसर कुटा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून पिळून घ्या. २० ग्रॅम साबणाचा चुरा थोड्या पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि पाणी टाकून १० लिटर करा. साबण नसेल तर तेल वर तरंगते आणि पानावर टिकत नाही. संध्याकाळीच फवारा, कारण उन्हाने अर्क लवकर मरतो. उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नका. आठ दिवसांनी पुन्हा. याने कीड पटकन मरत नाही; खाणे सोडते, वाढ थांबते. दुसऱ्या दिवशी जिवंत अळी पाहून ‘फेल गेले’ म्हणू नका.

प्रश्न : शेणखत टाकले की हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी वाढते. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडे) खतात घातली तर चालेल का? (पुसद तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : हुमणी कच्च्या खतातून येते. खत मुठीत धरा : गरम लागत नाही, शेणाचा वास येत नाही, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, तर तयार. खात्री नसेल तर वाटीभर खतात दहा मेथीदाणे टाकून भिजवा. पाच दिवसांत आठ तरी उगवले पाहिजेत.

शेण कमी आणि कचरा जास्त अशा घरांसाठी नाडेप पद्धत आहे, आणि ती तुमच्याच पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. विटांचे जाळीदार टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. जाळी हवेसाठी, ती लिंपून बंद करू नये. तळाला शेणाचा सडा, मग ६ इंच काडीकचरा, त्यावर ४-५ किलो शेण कालवलेले पाणी, त्यावर ५०-६० किलो गाळलेली माती. असे थर टाक्याच्या वर दीड फूट जाईपर्यंत, आणि शेवटी शेणमातीने लिंपायचे. भेग पडली की लगेच बुजवा, नाहीतर ओल उडते. साडेतीन-चार महिन्यांत खत. घरापुरते निम्मे टाके पुरते.

पऱ्हाटी चालते, पण बोटाएवढे तुकडे करून. अख्खी घातली तर वर्षभर तशीच राहते आणि वाळवीचे घर होते. वाडीच्या कडेला रचूनही ठेवू नका, वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त असते.

प्रश्न : सांबार (कोथिंबीर) उगवत नाही. (कारंजा तालुका, जि. वाशीम)

उत्तर : अख्खे धने टाकले असतील. एका धन्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, २ सेंटिमीटर खोल पेरा आणि खत-रेतीने झाका. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, चौथ्या दिवशी उकरून पाहू नका. ३ × २ मीटरच्या वाफ्याला ४० ग्रॅम पुरे. मे महिन्यात आणि झडीत नाद सोडा. दसऱ्यानंतर न सांगता येतो.

प्रश्न : भांडी-कपड्यांचे पाणी भाज्यांना चालते का? (देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : राखेने घासलेल्या भांड्यांचे चालते. कपड्यांच्या पावडरीचे नको. त्यातल्या सोडियमने काळी माती चिकट आणि घट्ट होते. ते केळी, कर्दळीकडे वळवा, आणि मध्ये विटांचे तुकडे व रेती भरलेला खड्डा ठेवा. पालेभाजीवर कोणतेही सांडपाणी नको.

प्रश्न : वान्नेर (माकडे) काही ठेवत नाहीत. औषध सांगा. (पवनी तालुका, जि. भंडारा)

उत्तर : औषध नाही. बुजगावणे चार दिवस चालते, मग वान्नेर त्याच्यावरच बसतात. वरूनही झाकलेली जाळी हाच खरा बंदोबस्त, तो निदान टमाटर-काकडीच्या एका वाफ्याला करा. उघड्या जागेत हळद, आले, सुरण लावा. जमिनीखालचे सहसा वाचते.